उलटे दान आणि पूर्वकथेचा प्रश्न : भूमिकाखेळाच्या निमित्ताने

१

'भूमिकाखेळ' असे ज्याला म्हणता येईल, तो कथनप्रकार अलीकडे आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या परिचयाचा होऊ लागला आहे. चार-सहा जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार असतो. तो एक कल्पित जग उभे करतो आणि त्यातील प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करील, काय बोलेल हे तोंडी सांगत जातात. जिथे कृतीचे फळ अनिश्चित असेल तिथे फासा टाकला जातो आणि पडलेल्या दानानुसार कथा वळते. संहिता नाही, रंगमंच नाही, वेगळा प्रेक्षकवर्ग नाही; सांगणारे आणि ऐकणारे तेच. या खेळाला छापील नियमांचे रूप १९७४ मध्ये अमेरिकेत मिळाले. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ त्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि वीस पैलूंचा फासा पुढे त्याची खूण होऊन बसला. १९८३ मध्ये समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन यांनी या खेळाडूंच्या मंडळांचा अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. पाश्चात्त्य विद्यापीठांतून या विषयाचा विचार तेव्हापासून होत आला आहे.

हा खेळ चालविणाऱ्यास दोन अडचणी हमखास येतात. पहिली अशी, की एखादा खेळाडू कथाविश्वाच्या पूर्वपीठिकेविषयी असा काही प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर सूत्रधाराने योजलेले नसते. हे देऊळ कोणी बांधले? या घराण्याचे त्या घराण्याशी वैर का? दुसरी अशी, की ऐन मोक्याच्या क्षणी फासा उलटा पडतो आणि सर्वांनी मनात धरलेली कथा जागच्या जागी अडते. खेळणाऱ्यांच्या वर्तुळात या दोन्ही गोष्टींकडे सूत्रधाराच्या कौशल्याची किरकोळ बाब म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही अडचणी मुळात कथनमीमांसेच्या आहेत. पहिलीत, कथनात उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आहे. दुसरीत, कोणालाही नको असलेल्या घटनेचे कथनाने काय करावे, हा प्रश्न आहे. मराठी कथनपरंपरेने या दोन्ही प्रश्नांचा दीर्घकाळ अनुभव घेतलेला आहे. तो अनुभव बाजूला ठेवून या खेळाकडे केवळ परदेशी करमणूक म्हणून पाहणे हे आपल्याच भांडाराकडे पाठ फिरविण्यासारखे होईल.

२

या विवेचनासाठी हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे क्षेत्र डोळ्यांसमोर ठेवावे, असे मला वाटते. तिथे दोन्ही अडचणी एकाच आवारात भेटतात.

नागनाथाचे मूळ देऊळ युधिष्ठिराने वनवासकाळात बांधले, अशी आख्यायिका तिथे सांगितली जाते. म्हणजे आख्यायिकेपुरते बोलायचे तर हे देऊळ एका उलट्या दानाचे फळ आहे. हस्तिनापुरातील द्यूतात दान मनासारखे पडले असते तर पांडव या वनात आलेच नसते. आज उभ्या असलेल्या वास्तूचा शिल्पांनी भरलेला खालचा भाग यादवकालीन, तेराव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. वरच्या भागाची उभारणी अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धाराशी जोडली जाते. खालचे काम आणि वरचे काम यांतील फरक साध्या डोळ्यांनाही दिसतो.

पूर्वकथेच्या प्रश्नांना तर इथे तोटा नाही. द्वादश ज्योतिर्लिंगांतील दारुकावनीचा नागेश तो हाच, असे महाराष्ट्र मानतो. गुजरातेत द्वारकेजवळील नागेश्वराविषयी आणि उत्तराखंडात अल्मोड्याकडील जागेश्वराविषयीही तसेच मानले जाते. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते औंढ्यास, असे एक परंपरा सांगते. विसोबांची समाधी बार्शीस दाखविली जाते आणि ती भेटही तिकडचीच, असे मानणारे आहेत. खुद्द नामदेवांचा (१२७०–१३५०) जन्म जवळच्या नरसीचा की पंढरपूरचा, हा वाद अभ्यासकांना परिचित आहेच.

यांपैकी सर्वांत बोलका प्रश्न देऊळ फिरल्याचा आहे. नंदी देवासमोर नसून देवळाच्या मागच्या बाजूस आहे, हे औंढ्यास येणाऱ्याला आवर्जून दाखविले जाते आणि त्यामागची कथा सांगितली जाते. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांतील एका पदात देवळातून बाहेर काढल्या गेलेल्या भक्ताचा अनुभव आला आहे. जात हीन म्हणून त्याला उठविले जाते, तो मागे जाऊन बसतो आणि देऊळ त्याच्याकडे तोंड करते. या पदात गावाचे नाव नाही. महिपतीच्या 'भक्तविजया'त (१७६२) ही कथा औंढ्याच्या नागनाथाशी जोडलेली आढळते. आज सर्रास ऐकू येणाऱ्या कथनात मात्र, भजनाच्या गर्दीमुळे नित्यपूजेत अडथळा येऊ लागला म्हणून पुजाऱ्यांनी नामदेवांना मागे जाण्यास सांगितले, एवढेच कारण उरते. तीन कथनांत देऊळ सारखेच फिरते. ते का फिरावे लागले, याचे उत्तर मात्र पालटते. पहिल्या कथनातली जात शेवटच्या कथनात गर्दीच्या व्यवस्थेआड गेलेली असते. पूर्वकथेच्या प्रश्नाला एकच सोयीचे उत्तर देऊन तो मिटविला म्हणजे काय गमावते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल.

३

समजा, यादवकाळातील औंढ्यात घडणारा असा एक खेळ चालू आहे. पात्रांत एक पाथरवट आहे, एक वारकरी आहे, एक देवगिरीहून आलेला कारकून आहे. पाथरवटाची भूमिका घेतलेली विद्यार्थिनी विचारते, 'हा नंदी मागे का?' सूत्रधाराने यावर विचार केलेला नाही. त्याच्यापुढे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग निर्णयाचा. सूत्रधार अधिकारवाणीने काहीतरी सांगून टाकतो आणि ते उत्तर त्या जगाचे सत्य होते. यात खेळ अडत नाही. पण पुढच्या बैठकीत त्या उत्तराशी न जुळणारे काही निघाले की त्याला ते दडपावे लागते.

दुसरा मार्ग भेदिकाचा. आपल्या शाहिरी परंपरेत कलगी आणि तुरा यांचे फड परस्परांना पुराणातली कूटे घालीत. तुरेवाले शिवाची थोरवी सांगत, कलगीवाले शक्तीची. प्रतिपक्षाला उत्तर सुचले नाही की त्याची हार. या सवाल-जवाबाने बहुश्रुततेची एक मोठी शाळाच खेड्यापाड्यांत चालविली, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. परंतु त्यात प्रश्न हा शस्त्र होतो. टेबलाभोवतीही असे भेदिक वारंवार रंगते. एखाद्या खेळाडूचे त्या कल्पित जगाचे वाचन सूत्रधारापेक्षा अधिक असते आणि तो त्याला पदोपदी अडवितो. किंवा सूत्रधारच खेळाडूंच्या अज्ञानाची परीक्षा घेत बसतो. फडावर दोन पक्ष समोरासमोर असतात म्हणून हे शोभते. जिथे सर्वांनी मिळून एकच कथा सांगायची आहे, तिथे ते कथेला मारक ठरते.

तिसरा मार्ग महानुभावांचा आहे आणि माझ्या मते तोच स्वीकारण्याजोगा आहे. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते चक्रधरांचा सहवास लाभलेल्यांच्या आठवणी एकत्र करून. ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांच्यापर्यंत जाऊन त्याने लीळा मिळविल्या. एकाच लीळेविषयी आठवणी भिन्न आल्या तेव्हा त्यांतील एक ठेवून बाकीच्या पुसून टाकण्याचा मोह या परंपरेने टाळला. कोण काय म्हणतो ते नावानिशी नोंदविले गेले आणि अशा भिन्न स्मृतींना 'वासना' ही संज्ञा रूढ झाली. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा हिराइसेसारख्यांच्या पाठांतरावरून आणि नंतरच्या शोधांवरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असे संप्रदाय सांगतो. आपल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाची विश्वसनीयता एकच उत्तर ठामपणे देण्यावर उभी राहिलेली नाही. प्रत्येक उत्तराचा सांगणारा ठाऊक असणे, हा तिचा आधार आहे.

हीच रीत सूत्रधाराने खेळात आणावी. 'नंदी मागे का?' या प्रश्नाला त्याने स्वतःच्या तोंडाने उत्तर देऊ नये. कथेतील कोणाच्या तरी तोंडी ते घालावे. पुजारी म्हणेल, 'देवाची इच्छा.' ओवरीत उतरलेला वारकरी वेगळे सांगेल आणि सांगताना आवाज खाली आणील. म्हातारा गवंडी म्हणेल, 'आमच्या आज्याने सांगितले ते असे.' विचारणाऱ्या विद्यार्थिनीलाही उलट विचारता येईल : तुझ्या पाथरवटाच्या घरात यावर काय बोलले जाते? ती जे सांगेल तीही एक वासना. तिच्या पात्राला त्यामुळे घर मिळते, पूर्वज मिळतात आणि कथेला पुढची वाट मिळते. सूत्रधाराने इतकेच पाहावे, की दिलेली वासना कोणाची हे सर्वांच्या स्मरणात राहील. त्यासाठी बैठकीच्या वहीत उत्तराबरोबर सांगणाऱ्याचे नाव टिपून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

४

आता उलट्या दानाकडे वळू. मराठीने फाशाच्या पडण्याला 'दान' म्हटले आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. दान पडते, दान मागितले जाते, मनासारखे दान न पडले तरी ते घ्यावेच लागते. सोंगट्यांच्या खेळाने आपल्या भाषेला 'पौबारा' दिले, 'डाव उलटणे' दिले, 'सारीपाट मांडणे' दिले. तथापि याहून महत्त्वाचे हे, की आपल्या परंपरेतील कित्येक कथा मुळात हरलेल्या डावातूनच निघाल्या आहेत.

'लीळाचरित्रा'च्या आरंभीच्या भागातच हे दिसते. गुजरातेतील प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव द्यूताच्या नादी लागलेला आहे. तो हरतो. देणे फेडण्यासाठी पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागतो आणि ती नकार देते. या प्रसंगाने त्याला उपरती होते, रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो आणि पुढे ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंपर्यंत पोचतो. तो डाव जिंकला असता तर चक्रधर महाराष्ट्राला लाभले नसते, असे संप्रदायाच्या कथनाच्या आधारे म्हणता येते.

खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळी जी कथा गातात, तिचीही मांडणी अशीच आहे. खंडोबा म्हाळसेशी सारीपाट खेळतो, हरतो आणि पणाप्रमाणे बारा वर्षे घर सोडून जातो. चंदनपुरीस बाणाईच्या घरी तो चाकरी धरतो, मेंढरे राखतो आणि त्यातून बाणाईशी त्याचा विवाह घडतो. काही कथनांत तो मुद्दाम हरतो. हरण्याने देवाची मानहानी झाली असे इथे कोणालाही वाटत नाही. उलट, धनगरांचा देव आणि वाण्यांचा देव हे एकच आहेत, ही गोष्ट त्या हरण्यावाचून कथेत आलीच नसती. वेरूळच्या २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत शिवपार्वतींच्या द्यूताचे शिल्पपट आहेत. देवाधिदेवाच्या चरित्रातही डाव मांडला जातो, हे शिल्पकारांना सांगण्याजोगे वाटले.

या कथांवरून सूत्रधारासाठी काही तत्त्वे काढता येतात. पहिले असे, की दान टाकण्यापूर्वी पण स्पष्ट असावा. म्हाळसा आणि खंडोबा यांनी हरणाऱ्याने काय करायचे ते आधी ठरविले, म्हणूनच हरण्याला अर्थ आला. फासा उलटा पडल्यास काय होईल हे ज्या ठिकाणी सांगता येत नाही, तिथे फासा टाकूच नये. कित्येक बैठका कंटाळवाण्या होतात त्या उलट्या दानाने 'काहीच घडत नाही' म्हणून. कुलूप उघडत नाही, पुन्हा फासा, पुन्हा नाही.

दुसरे असे, की फासा काय घडले ते ठरवितो. ते कसे घडले आणि त्यातून काय निघाले, हे ठरविणे कथनाचे काम आहे. वारकऱ्याचे पात्र पुजाऱ्याचे मन वळवू पाहते आणि दान उलटे पडते. 'तो ऐकत नाही' असे म्हणून थांबणारा सूत्रधार औंढ्याची कथा अर्ध्यावर सोडतो. पुजाऱ्याने ऐकले नाही; भक्त मागे जाऊन बसला; आता देवळाच्या मागे काय घडते? देऊळ फिरल्याची कथा नकारानंतरच सुरू होते. तेरढोकीच्या गोरोबांनी संतमंडळींची मडकी पारखली तेव्हा नामदेव कच्चे ठरले, आणि त्या कच्चेपणानेच त्यांना विसोबांच्या शोधात धाडले.

तिसरे असे, की हरणाऱ्या पात्राला हास्यास्पद करू नये. निष्णात तलवारबहाद्दराचे दान उलटे पडले म्हणून तो स्वतःच्या धोतरात पाय अडकून पडला असे सांगणे स्वस्त विनोदाचे आहे. प्रतिपक्ष सरस निघाला, पावसाने जमीन निसरडी झाली होती, शेवटच्या क्षणी त्याने समोरच्याचा चेहरा ओळखला. असे सांगितले की दानही राहते आणि पात्राची प्रतिष्ठाही.

दोन्ही अडचणी एकत्र येतात असाही एक प्रसंग असतो. आपल्या पात्राला अमुक गोष्ट ठाऊक असेल काय, हे ठरविण्यासाठीच फासा टाकला जातो आणि तो उलटा पडतो. 'तुला ठाऊक नाही' हे अशा वेळी सर्वांत निरुपयोगी उत्तर होय. वासनेची रीत इथे विशेष उपयोगी पडते. दान उत्तम पडल्यास त्या गोष्टीच्या दोन-तीन वासना त्यांच्या सांगणाऱ्यांसह खेळाडूला मिळाव्यात. दान उलटे पडल्यास एकच मिळावी, तीही कोणाच्या तरी हिताची. कारकुनाला फक्त पुजाऱ्याचे म्हणणे ठाऊक आहे; तेच खरे धरून तो वागेल आणि पुढे ते चुकीचे ठरेल. अर्धवट ज्ञानाने माणसे कशी वागतात, हे दाखविणे अज्ञान दाखविण्यापेक्षा कथेला अधिक फलदायी असते.

५

यावर काही आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप व्यवहाराचा. अनेक सूत्रधार आडपडदा ठेवून फासा टाकतात आणि दान फारच वाईट पडल्यास ते गुपचूप बदलून सांगतात. हेतू चांगलाच असतो, खेळाडूंचा विरस होऊ नये. हा युक्तिवाद मला मान्य नाही. फासा गुप्तपणे फिरविणाऱ्याचे नाव आपल्या परंपरेत शकुनी आहे, आणि त्याचाही हेतू आपल्या पक्षाच्या हिताचाच होता. दान बदलले जाते हे एकदा कळले, की जिंकलेल्या डावांचाही आनंद जातो. दान सोसवणार नसेल तर पण हलका ठेवावा. दान मात्र उघड्यावर पडू द्यावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक उत्तर हे कोणाचे तरी मत असे मानले, तर इतिहास आणि आख्यायिका यांतील भेदच पुसला जाणार नाही काय? ही भीती अनाठायी नाही. म्हणून वासनेच्या रीतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. नागनाथाच्या देवळाचे खालचे काम कोणत्या काळाचे, हा दगडाच्या आणि शैलीच्या पुराव्याचा प्रश्न आहे. तो श्रद्धेने किंवा बहुमताने सुटत नाही. देऊळ का फिरले असे लोक सांगतात, हा मात्र स्मृतीचा प्रश्न आहे, आणि तिथे कोण सांगतो हाच पुरावा असतो. हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याचे शिक्षण विद्यार्थ्याला द्यायचे तर त्याला दोन्हींशी प्रत्यक्ष झुंजावे लागेल. भूमिकाखेळात ते त्याला टाळताच येत नाही.

६

उलटे दान आणि अवघड प्रश्न यांची सर्वांत भेदक गाठ महाभारताच्या सभापर्वात पडलेली आहे. सर्व दाने उलटी पडल्यावर द्रौपदी विचारते, की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? हा नियमाचा प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तरावर एका स्त्रीची प्रतिष्ठा अवलंबून होती. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून उत्तर टाळले. कौरवांतला विकर्ण तेवढा स्पष्ट बोलला. सभेतील ज्येष्ठांचे ते मौन आजही त्यांच्या ज्ञानापेक्षा अधिक लक्षात राहिले आहे. टेबलाभोवतीच्या खेळात इतके काही पणास लागलेले नसते, हे खरे. परंतु ज्याच्या हाती उत्तर देण्याचा अधिकार आहे त्याने विचारणाऱ्याशी कसे वागावे, याचा सराव तिथे होतो. वर्गातही तेच घडते. विद्यार्थ्याच्या अनपेक्षित प्रश्नाला अध्यापक निर्णयाने गप्प करतो, भेदिकाने उलट अडकवितो, की त्या प्रश्नाच्या वासना त्याच्यापुढे मांडतो, यावर त्या विद्यार्थ्याचा पुढचा अभ्यास पुष्कळसा अवलंबून असतो.

म्हणून मराठी विभागांनी लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत एक छोटा प्रात्यक्षिक भाग घालून पाहावा, अशी माझी सूचना आहे. विद्यार्थ्यांनी औंढा, नरसी किंवा आपापल्या परिसरातील एखादे स्थान निवडावे. तिथली एक आख्यायिका निदान तीन जणांकडून ऐकून घ्यावी. सांगणारा पुजारी आहे, वारकरी आहे, दुकानदार आहे की शेतमजूर स्त्री आहे, हे तिच्यासह नोंदवावे. त्यानंतर ती सामग्री घेऊन चार बैठकांचा एक खेळ मांडावा आणि शेवटी कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर कोणाच्या तोंडून दिले गेले, कोणत्या दानाने कथा कुठे वळली, याचा अहवाल लिहावा. त्याला वीस पैलूंचा फासा लागणार नाही. घरातल्या कवड्याही चालतील. तीन जणांकडून तीन कारणे ऐकलेला विद्यार्थी त्यांतले एक गाळू लागेल, तेव्हा ते का गाळले याचे उत्तर त्याला सहखेळाडूंपुढे द्यावे लागेल.